‘लायमी’ : एका टोपणनावामागचं लिंबू नेमकं कोणतं?

पेट झाली, मुलाखत झाली, आता कोर्सवर्कमध्ये ‘संशोधन पद्धती’चा पेपर आहे, असे मेल मला बरेच येतात. त्या पेपरात एक गोष्ट हमखास असते. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये जहाजावर प्रयोग केला, लिंबामुळे स्कर्व्ही बरा होतो हे सिद्ध केलं, मग ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि म्हणून इंग्रजांना ‘लायमी’ हे टोपणनाव पडलं. जगातली पहिली क्लिनिकल ट्रायल, दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला.

मीही हे असंच पाठ केलं होतं. पुढे स्वतःच्या एका फसलेल्या प्रयोगामुळे (तो किस्सा शेवटी सांगते) या गोष्टीच्या मागे लागले, तेव्हा लक्षात आलं की यातलं जवळजवळ प्रत्येक ‘मग’ आणि ‘म्हणून’ चुकीचं किंवा अर्धवट आहे. लिंडने जे दिलं ते लाइम नव्हतं. नौदलाने सुरुवातीला जे दिलं तेही मुख्यतः लाइम नव्हतं. आणि ज्या काळात ‘लायमी’ हे नाव रुळलं, त्या काळात बाटलीतला रस स्कर्व्हीवर फारसा उपयोगाचा राहिला नव्हता. आज हीच गोष्ट सावकाश, टप्प्याटप्प्याने बघू. इतिहासाचा लेख आहे, पण तुमच्या प्रबंधाच्या कामाचा आहे.

आधी नावांबद्दल थोडं

परक्या माणसाला नाव ठेवताना आपण सहसा दोन गोष्टी बघतो. तो घालतो काय आणि खातो-पितो काय. मराठेशाहीच्या कागदांत युरोपीय व्यापाऱ्यांना ‘टोपीकर’ म्हटलेलं सापडतं, कारण डोक्यावरची टोपी लांबूनही ओळखू यायची. डच लोकांना ‘वलंदेज’ म्हणत. हा पोर्तुगीज भाषेतल्या ‘ओलांदेज’चा मराठी अवतार. म्हणजे डच माणसाची ओळखसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीज तोंडातून आली. बंदरांवर असंच चालतं. नाव जहाजावरून उतरतं आणि ज्याच्या तोंडी बसेल त्याचं होतं.

‘लायमी’ हे पिण्यावरून पडलेलं नाव. मूळ शब्द ‘लाइम-ज्यूसर’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात, विलायतेहून नुकत्याच आलेल्या माणसाला चिडवायला तो वापरत. अमेरिकन खलाशी ब्रिटिश जहाजाला आणि त्यावरच्या माणसांना लाइम-ज्यूसर म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो आखडून ‘लायमी’ झाला आणि खलाशीच नव्हे, कुठल्याही इंग्रजाला लागू पडला. हा काळ डोक्यात ठेवा: एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. लिंडच्या प्रयोगानंतर शंभरहून जास्त वर्षं.

स्कर्व्ही म्हणजे काय

आपल्या शरीरातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे मजबूत व्हायला क जीवनसत्त्व लागतं. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसात त्यासाठी लागणारं शेवटचं एन्झाइम बनवणारं जनुक बिघडलेलं आहे, त्यामुळे आपल्याला ते अन्नातूनच घ्यावं लागतं. पुरवठा पूर्ण थांबला तर साठा दोन-तीन महिने पुरतो. मग हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात, पायांवर काळेनिळे डाग पडतात, जुन्या भरलेल्या जखमा परत उघडतात आणि शेवटी मृत्यू. ‘दोन-तीन महिने’ हा आकडासुद्धा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांना हा आजार फार भेडसावत नसे. भर समुद्रात महिनोन्‌महिने काढायची वेळ आली तेव्हा तो उग्र झाला. याचं एक मोठं उदाहरण आपल्या अरबी समुद्रातलंच आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये येताना मान्सूनच्या वाऱ्यावर आफ्रिकेहून कालिकतकडे चार आठवड्यांच्या आत पोचला. परतताना मात्र तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला. वारा प्रतिकूल होता. पलीकडे मालिंदीला पोचायला जानेवारी १४९९ उजाडला. या तीन महिन्यांत सुमारे ३० माणसं गेली. पुढे तीन जहाजं हाकायला पुरेसे हात उरले नाहीत म्हणून ‘साओ राफाएल’ हे एक जहाज जाळून टाकावं लागलं.

लिंबूवर्गीय फळांचा उपयोग होतो हे माहीत नव्हतं असंही नाही. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला ताफा पूर्वेकडे निघाला. त्याचा प्रमुख जेम्स लँकेस्टर याने आपल्या जहाजावर रोज सकाळी तीन चमचे लेमनचा रस दिला. आफ्रिकेच्या टोकाशी पोचेपर्यंत बाकीच्या तीन जहाजांवरची माणसं इतकी खचली होती की नांगर टाकायला आणि शिडं उतरवायला लँकेस्टरच्या माणसांना जावं लागलं. कंपनीचा सर्जन जॉन वुडॉल याने १६१७ च्या आपल्या पुस्तकात लेमनच्या रसाची शिफारस केली. म्हणजे लिंडच्या १३० वर्षं आधी हे छापून आलं होतं. तरी ते टिकलं नाही. शोध एकदा लागला की कायमचा लागला, असं आपण गृहीत धरतो. स्कर्व्हीच्या बाबतीत तो लागला, हरवला, परत लागला आणि परत हरवला.

लिंडने खरंच काय केलं

२० मे १७४७, जहाज ‘सॉल्झबरी’. लिंडने स्कर्व्हीचे १२ रुग्ण निवडले, शक्य तितके सारख्या अवस्थेतले. सगळ्यांना एकाच ठिकाणी ठेवलं, एकच आहार दिला. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला रोज सायडर, दुसरीला पातळ केलेलं गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लेमन, सहाव्या जोडीला लसूण-मोहरी वगैरेंची औषधी गोळी. फळं सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात फळं खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर जाण्याइतका सुधारला आणि दुसरा इतर रुग्णांची सेवा करायला लागला. सायडरवाल्यांना थोडा फरक पडला. बाकी कोणाला विशेष नाही.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक बरोबर आहे. आता पाठ्यपुस्तक जे सांगत नाही ते. एक, जोड्या पाडताना चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ज्या दोघांचे गुडघ्यामागचे स्नायू आखडले होते अशा जास्त आजारी माणसांना त्याने मुद्दाम समुद्राचं पाणी दिलं. दोन, १७५३ साली त्याचा स्कर्व्हीवरचा ग्रंथ आला तो चारशेहून जास्त पानांचा आणि त्यात हा प्रयोग जेमतेम काही परिच्छेदांत आहे. तीन, एवढं बघूनही ‘स्कर्व्हीचं कारण म्हणजे आहारातल्या एका घटकाची कमतरता’ असं तो म्हणत नाही. त्याच्या मते मुख्य दोष दमट हवेचा होता. हवेमुळे घामाची छिद्रं बुजतात आणि शरीरात दोष साचतात, ही त्या काळची पक्की चौकट. फळं हा त्याच्यासाठी अनेक उपायांपैकी एक उपाय होता.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फळं जहाजावर टिकत नाहीत म्हणून लिंडने त्यांचा रस तासन्‌तास तापवून आटवायची कृती दिली. हा घट्ट पाक नेणं सोपं होतं. पण क जीवनसत्त्वाला उष्णता आणि हवा सोसत नाही. म्हणजे स्वतःच्याच प्रयोगात जिंकलेलं औषध त्याने स्वतःच्याच कृतीने बरंचसं मारून टाकलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रसातलं नेमकं काय काम करतं हेच माहीत नसेल, तर काय जपायचं हे कसं कळणार?

नौदलाने रस देणं मान्य केलं ते १७९५ साली. लिंड आदल्याच वर्षी वारला होता. निर्णयामागचा माणूस होता गिल्बर्ट ब्लेन आणि त्याच्या हाताशी एक ठोस उदाहरण होतं. ‘सफोक’ हे जहाज इंग्लंडहून मद्रासला २३ आठवडे कुठेही न थांबता आलं होतं. वाटेत रोजच्या दारूत लेमनचा रस आणि साखर मिसळून दिली जात होती. स्कर्व्हीने एकही माणूस दगावला नाही. पुढच्या काही वर्षांत रस सगळीकडे नियमित झाला आणि ब्रिटिश नौदलातून स्कर्व्ही जवळजवळ नाहीसा झाला.

लेमन गेलं, लाइम आलं

आता जरा भाषेकडे बघा. मराठीत आपण दोन्हीला ‘लिंबू’ म्हणतो. आपल्या रोजच्या वापरातलं छोटं, पातळ सालीचं कागदी लिंबू म्हणजे इंग्रजीतलं लाइम. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचं मोठं, पिवळं, जाड सालीचं फळ म्हणजे लेमन. वरच्या सगळ्या परिच्छेदांत मी हट्टाने ‘लेमन’ लिहिलं ते यासाठीच. ‘लिंबू’ लिहिलं असतं तर ही गोष्ट सांगताच आली नसती.

आणि हा घोळ फक्त मराठीचा नाही. ‘लाइम’ आणि ‘लेमन’ हे इंग्रजी शब्दही एकाच अरबी-फारसी मुळातून आलेले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत लेमनच्या रसालाही सर्रास ‘लाइम ज्यूस’ म्हटलेलं आढळतं. कारकुनाच्या लेखी दोन्ही आंबटच.

१८६० च्या दशकात नौदलाने पुरवठा बदलला. सिसिली-माल्टाकडच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतलं लाइम घ्यायला सुरुवात झाली. आपल्याच साम्राज्यातला माल, खात्रीचा पुरवठा, शिवाय लाइम लेमनपेक्षा आंबट. त्या काळी समजूत होती की काम करतं ते आम्ल. मग जास्त आंबट ते जास्त चांगलं, नाही का? व्यापारी जहाजांवरही रस कायद्याने सक्तीचा झाला, १८५४ च्या आणि मग १८६७ च्या कायद्याने. ब्रिटिश जहाज म्हणजे लाइमचा रस, हे समीकरण जगभरच्या बंदरांत पक्कं झालं. ‘लाइम-ज्यूसर’ रुळला तो याच काळात.

पण बाटलीत काय होतं? रस मोठ्या टाक्यांत उघडा साठवला जाई, कुठे तांब्याच्या नळ्यांतून फिरवला जाई, महिनोन्‌महिने पडून राही. तांब्याच्या संपर्कात क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं. आंबटपणा जसाच्या तसा, गुण मात्र गेलेला.

मग खलाशी पटापट आजारी का पडले नाहीत? कारण त्याच काळात वाफेची जहाजं आली. प्रवास आठवड्यांवर आला. ते ‘दोन-तीन महिने’ आठवतात ना? साठा संपायच्या आत बंदर यायचं, ताजं अन्न मिळायचं. श्रेय मात्र बाटलीला जायचं. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा कन्फाउंडिंग व्हेरिएबल. औषध बदललं, त्याच वेळी परिस्थितीही बदलली आणि औषध निकामी झालंय हे दिसलंच नाही.

ते दिसलं बर्फात. १८७५-७६ मध्ये जॉर्ज नेअर्सची मोहीम उत्तर ध्रुवाकडे गेली. हिवाळाभर जहाजावर लाइमचा रस दिला जात होता. वसंतात तुकड्या स्लेज ओढत निघाल्या आणि काही आठवड्यांतच माणसं स्कर्व्हीने कोसळू लागली. स्लेजवर रस नेला नव्हता म्हणून चौकशी समितीने ठपका ठेवला. पण आपण गणित करू शकतो. साठा भरलेला असता तर आजार इतक्या लवकर दिसला नसता. म्हणजे हिवाळाभर प्यायलेल्या रसातही फारसं काही नव्हतं.

आणि इथे विज्ञान मागे गेलं. रस पिऊनही स्कर्व्ही होतो, तर मग मुळात रसाचा सिद्धांतच खोटा असेल, असं डॉक्टरांना वाटू लागलं. डबाबंद मांस किंचित नासून तयार होणाऱ्या विषामुळे स्कर्व्ही होतो, हा विचार जोर धरू लागला. कॅप्टन स्कॉटच्या १९०१-०४ च्या अंटार्क्टिक मोहिमेचे डॉक्टर याच विचाराचे होते. त्या मोहिमेतही स्कर्व्ही झाला आणि सीलचं ताजं मांस खाल्ल्यावर आटोक्यात आला. लँकेस्टरनंतर तीनशे वर्षांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गाठ सुटली ती दोन ठिकाणी

१९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिश बेरीबेरीचा अभ्यास करताना गिनीपिगांना नुसतं धान्य खायला घालत होते. गिनीपिगांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. माणसासारखंच त्यांनाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, हा योगायोग कामी आला. आता रस तपासायला जनावर मिळालं.

मग पहिलं महायुद्ध आलं. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा वेढा पडला. आत अडकलेली होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठलं. गोऱ्या सैनिकांना घोड्याच्या ताज्या मांसाने स्कर्व्हीपासून वाचवलं, पण पांढऱ्या पिठामुळे बेरीबेरी झाला. घोड्याचं मांस धर्माला धरून नाही म्हणून हिंदी शिपाई ते बराच काळ नाकारत राहिले. त्यांना कणकेने बेरीबेरीपासून राखलं. एकाच वेढ्यात दोन आहार, दोन आजार.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी मार्गारेट ह्यूम व रूथ स्केल्टन यांनी गिनीपिगांवर रस तपासले. १९१८ मध्ये निकाल आला. ताज्या लाइमच्या रसाची ताकद ताज्या लेमनच्या साधारण चौथाई आणि साठवलेला लाइमचा रस जवळजवळ निरुपयोगी. (आजच्या आहार-तक्त्यांत ताज्या फळांमधला फरक इतका मोठा दिसत नाही. खरा घात साठवणीने केला.) याच गटाने सैन्यासाठी सुचवलेला एक उपाय म्हणजे मोड आणलेली कडधान्यं. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसल्यात जमा. भिजवून मोड आणले की ते तयार होतं. मटकीला मोड आणणाऱ्या आपल्या घराघरांत हे रोज घडत होतं.

पण चिकच्या निकालाने एक नवा प्रश्न उभा राहिला. लाइम इतकं कुचकामी, तर नेल्सनच्या काळातलं नौदल निरोगी कसं राहिलं? हे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नव्हतं. ॲलिस हेंडरसन स्मिथ हिने जुने कागद, पुरवठ्याच्या नोंदी चाळल्या आणि दाखवून दिलं की जुन्या यशाच्या काळातला ‘लाइम ज्यूस’ खरं तर लेमनचा होता. शब्द तोच राहिला, फळ बदललं होतं. पुढे सेंट-ग्यॉर्गीने वेगळं केलेलं संयुग हेच क जीवनसत्त्व असल्याचं १९३२ मध्ये ठरलं आणि १९३७ चं नोबेल त्याला मिळालं. ‘ॲस्कॉर्बिक’ या नावाचा अर्थच ‘स्कर्व्ही नसलेलं’.

आता माझा किस्सा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी रानभाज्यांमधल्या अँटिऑक्सिडंट्सची मोजमापं घेत होते. तुलनेसाठी ॲस्कॉर्बिक ॲसिडचं द्रावण लागायचं. फ्रीजमध्ये एक बाटली होती, माझ्याच अक्षरात ‘ॲस्कॉर्बिक ॲसिड – स्टॉक’ असं लिहिलेली. तारीख नाही. मी तीच वापरत राहिले. तीन आठवडे माझ्या सगळ्या भाज्या अमृतासारख्या गुणकारी ठरत होत्या. मी खूश. गाईडना आलेख दाखवला तर त्यांनी एकच विचारलं, “स्टॉक कधीचा आहे गं?” द्रावण रोज ताजं करावं लागतं हे मला माहीत होतं. पण लेबल वाचलं की आत तेच आहे, असं डोकं धरून चालतं. भाज्या चांगल्या नव्हत्या, माझा स्टँडर्ड मेला होता. तीन आठवड्यांचं काम रद्द.

त्या दिवशी मला नेअर्सच्या खलाशांची बाटली कळली.

म्हणून तुम्हाला, विशेषतः या वर्षी रजिस्ट्रेशन करणाऱ्यांना, तीन गोष्टी सांगते. पहिली, वहीत वस्तूचं फक्त नाव लिहू नका. कोणती जात, कोणता बॅच, कधी उघडलं, कुठे ठेवलं तेही लिहा. ‘लिंबाचा रस’ ही नोंद नाही. दुसरी, जुना निकाल तुमच्या हातून परत आला नाही तर लगेच ‘जुना सिद्धांत चूक’ असं म्हणू नका. तुम्ही तीच गोष्ट तपासताय का, ते आधी बघा. आणि निकाल छान आला तरी हेच करा, कारण तेव्हा कोणी विचारत नाही. तिसरी, साहित्याचा आढावा घेताना मूळ लेखन उघडा. लिंडबद्दल दहा जणांनी लिहिलेलं वाचलंत तरी त्याने रस आटवला होता हे कळेलच असं नाही. त्याचं स्वतःचं पुस्तक उघडलंत की कळतं.

आज घरी गेलात की फ्रीज उघडा. प्रयोगशाळेतला, स्वयंपाकघरातला नव्हे. तारीख नसलेल्या बाटल्या मोजा. किती सापडल्या ते कमेंटमध्ये लिहा. माझ्या बेंचवर त्या दिवशी सात निघाल्या होत्या.